एकुलतं एक इंजिन आणि रोजचं इंजिन

आधी एक प्रसंग सांगते, मग मुद्द्यावर येते. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात कागद चाळायला गेले होते तेव्हाची गोष्ट. शनिवारी हातात काही काम नव्हतं, म्हणून जवळच्या एका गावात मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन होतं तिकडे गेले. शाळेचा हॉल, दारात चहा आणि केकचं टेबल, आत वीस-पंचवीस मांडण्या. पुण्यात कोथरूडचं जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय तुमच्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. तसंच, फक्त इथे प्रत्येक मांडणीमागे एकेक आजोबा उभे होते आणि प्रत्येकाकडे सांगायला भरपूर होतं.

त्यातल्या एका टेबलावर माझी नजर अडकली. छोट्याशा स्टेशनात तीन इंजिनं शेजारी शेजारी उभी. एक करड्या रंगाचं, डब्यासारखं चौकोनी, दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन. दुसरं लांबलचक, बाजूंना मोठाल्या जाळ्या असलेलं डिझेल. तिसरं तपकिरी, दिसायला वाफेच्या इंजिनासारखं, पण वाफ नाहीच. आत गॅस टर्बाइन. पहिलं ‘लीडर’, दुसरं ‘फेल’, तिसरं ‘जीटी-३’. प्रत्यक्षात ही तीन इंजिनं एकमेकांच्या शेजारी कधीच उभी राहिली नाहीत. लीडर १९५१ मध्ये भंगारात गेलं, जीटी-३ १९६१ मध्ये रुळावर आलं. मी हे बोलून दाखवलं तर आजोबा हसले आणि म्हणाले, “नियम क्रमांक एक: ही माझी रेल्वे आहे.” नंतर कळलं की हा नियम त्या जगात सगळ्यांना पाठ असतो.

मी पुढे विचारलं, “लीडर एकूण किती होती?”

“पूर्ण झालेलं एकच. आणि ते माझ्याकडे आहे.”

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. त्याने पुढे माझं सहा महिन्यांचं काम उलटंपालटं केलं, ते कसं हेच आज सांगायचंय. तुम्ही पीएच.डी.ला विषय शोधत असाल, सिनॉप्सिस लिहायला घेतला असेल, तर माझी चूक आधीच बघून ठेवा.

लीडरची हकीकत थोडक्यात. ऑलिव्हर बुलीड हा सदर्न रेल्वेचा मुख्य यांत्रिक अभियंता. डोकं भन्नाट, आणि प्रचलित गोष्ट प्रचलित आहे एवढ्याच कारणासाठी मान्य न करणारा. त्याला वाफेचं असं इंजिन हवं होतं जे विजेच्या गाडीसारखं दोन्ही दिशांना धावेल, टर्नटेबलवर फिरवावं लागणार नाही. म्हणून दोन्ही टोकांना केबिन, मध्ये बॉयलर आणि फायरमन, आणि एका बाजूने ये-जा करायला अरुंद बोळ. खाली दोन बोगी, प्रत्येकीला तीन सिलिंडर, चाकं एकमेकांना साखळ्यांनी जोडलेली. ब्रायटनच्या कारखान्यातून ३६००१ क्रमांकाचं हे इंजिन १९४९ च्या जूनमध्ये बाहेर पडलं.

बोळासाठी जागा करायची म्हणून बॉयलर मध्यरेषेपासून एका बाजूला सरकवला होता. साहजिकच इंजिन एका अंगाला जड झालं. उपाय काय, तर दुसऱ्या बाजूला लोखंड भरून तोल साधायचा! आधीच अवजड असलेलं इंजिन आणखी जड. मध्ये कोंडलेल्या फायरमनची अवस्था तर भट्टीतच बसवल्यासारखी. चाचण्यांत एकामागून एक बिघाड निघाले. मागणी पाच इंजिनांची होती. बाकीची चार अर्धवटच राहिली आणि १९५१ पर्यंत पाचही मोडीत निघाली. बुलीड तोवर आयर्लंडला गेला होता. तिथे त्याने पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, जाळून चालणारं एक इंजिन बनवलं. तेही एकुलतं एकच. (या माणसावर स्वतंत्र पोस्ट लिहायचा मोह मी सध्या आवरतेय.)

आता बघा, ज्या इंजिनाने नियमित प्रवासी गाडी एकही दिवस ओढली नाही, ते आज मॉडेलच्या रूपात दुकानात मिळतं. केआर मॉडेल्स या कंपनीने जीटी-३, फेल आणि लीडर ही तिन्ही काढली. हेल्यान या डॅनिश कंपनीने ‘केस्ट्रेल’, ‘फाल्कन’ आणि ‘लायन’ ही एकेकटी प्रायोगिक डिझेलं काढली. हॉर्नबीसारख्या जुन्या कंपनीनेही एलएनईआरचं १०००० क्रमांकाचं, लोक ज्याला ‘हश-हश’ म्हणायचे ते, उच्च दाबाच्या बॉयलरचं इंजिन बाजारात आणलं. हे सगळं ‘डबल-ओ’ म्हणजे १:७६ या प्रमाणात. पूर्वी असलं काही हवं असेल तर पितळेचे पत्रे कापून, नकाशे जमवून, हिवाळ्याच्या संध्याकाळी घालवून स्वतःच बनवावं लागे. आता आगाऊ नोंदणी घेऊन थोडक्या संख्येत उत्पादन करता येतं, म्हणून एरवी कुणी हात लावला नसता अशीही इंजिनं निघू लागली.

पण लोकांना ती हवी का असतात? नुसतं ‘विचित्र आहे म्हणून’ हे उत्तर पुरत नाही. आजोबांच्या त्या वाक्यात खरं कारण आहे. ब्रिटिश रेल्वेकडे सोळा टनी कोळशाच्या वाघिणी दोन लाखांहून जास्त होत्या. तुम्ही टेबलावर चाळीस मांडा, चारशे मांडा, खऱ्या चित्राच्या जवळपासही पोचणार नाही. लीडरचं मात्र एक मॉडेल घेतलं की अख्खा वर्ग तुमच्या मालकीचा. छोट्या टेबलावर जे खरंच पूर्ण दाखवता येतं ते एकुलतं एकच. दुसरं कारण, त्यात एक ‘जर’ दडलेला असतो. जर तोल साधला असता, जर साखळ्या टिकल्या असत्या, तर? टेबलावरचं लीडर कधी बिघडत नाही, फायरमन भाजत नाही. जे इतिहासात फसलं ते तिथे रोज वेळेवर सुटतं. माझ्या मते या प्रेमात थोडी करुणाही आहे. आणि ज्याला हे हास्यास्पद वाटतं त्याने आपण स्वतः पानिपताबद्दल ‘जर’ लावून किती बोलतो ते आठवावं.

आता माझी चूक. माझा पहिला सिनॉप्सिस असाच एक टेबल होता. विषय ‘घाटातील रेल्वे आणि तंत्रज्ञान’. त्यात मी भरलं होतं ते सगळं फोटोजेनिक, सगळं अपवादात्मक. मॅडमनी वाचलं आणि समासात एकच प्रश्न लिहिला: “त्या दिवशी माल कुणी ओढला?”

मला राग आला. दोन दिवस फोनही केला नाही. माझ्या प्रत्येक पानाला संदर्भ होते, कागद अस्सल होते. पण घोळ तिथेच होता, आणि तो मला प्रदर्शनातून परत आल्यावर कळला. विचित्र वस्तूंवर कागद जास्त असतात. चाचणी होते, अहवाल होतो, वाद होतो, वर्तमानपत्रात येतं, चित्रं निघतात. जी वस्तू निमूटपणे काम करते तिच्याबद्दल कुणी काही लिहीत नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडत नाही. मी कागदांच्या मागे गेले आणि आपोआप विचित्राकडे पोचले. मॉडेलवाल्या आजोबांना निदान माहीत आहे की ते आवडीने निवडतात. मला वाटत होतं, मी निवडतच नाहीये.

किती फरक पडतो ते एका उदाहरणाने सांगते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने रॉबर्ट रिडल्सच्या आराखड्यावर मालगाडीचं एक साधं, स्वस्त इंजिन बनवलं. २-८-० चाकांच्या मांडणीचं, ‘ऑस्टेरिटी’ म्हणून ओळखलं जाणारं. एकूण ९३५ बांधली, त्यातली ७३३ पुढे ब्रिटिश रेल्वेकडे आली. १९६७ पर्यंत ती कोळसा आणि खनिज ओढत राहिली. मळकी, खडखडाट करणारी, कुणी फारसं न मिरवलेली. त्या ७३३ पैकी आज किती शिल्लक असतील? एकही नाही. यॉर्कशायरच्या कीथली अँड वर्थ व्हॅली रेल्वेवर आज जे एक दिसतं ते युद्धानंतर आधी नेदरलँड्समध्ये आणि मग स्वीडनमध्ये गेलेलं, तिथून परत आणलेलं. म्हणजे आपल्याच देशात रोज दिसणारी वस्तू बघायला परदेशातून मागवावी लागली.

हे असं का झालं? लोकांची नावड हे अर्धंच कारण आहे. उरलेलं कारण एका भंगारवाल्याच्या अंगणात सापडतं. वेल्समधल्या बॅरी या बंदरात वुडहॅम यांचं भंगारआवार होतं. त्यांनी इंजिनं विकत घेतली, पण आधी मालवाघिणी तोडायला घेतल्या. ते काम सोपं होतं. इंजिनं वर्षानुवर्षं खाऱ्या वाऱ्यात गंजत उभी राहिली. तेवढ्यात हौशी मंडळींनी पैसे जमवून ती एकेक करून सोडवली: सुमारे तीनशेंपैकी २१३. आज ब्रिटनमध्ये जतन केलेल्या वाफेच्या इंजिनांचा मोठा हिस्सा हा असा वाचलेला आहे. बॅरीला मुख्यतः पश्चिमेकडची आणि दक्षिणेकडची इंजिनं आली, म्हणून तीच आज जास्त दिसतात. ऑस्टेरिटी बहुतेक उत्तरेकडे आणि पूर्वेकडे राबली, तिकडच्या भंगारवाल्यांनी ती तोडून टाकली. तुमच्या अर्काइव्हचाही एक वुडहॅम असतोच. कुठल्या कलेक्टर कचेरीत वाळवी लागली, कुठल्या कारकुनाने गठ्ठे गच्चीवर टाकले, कुणाच्या काळात ‘निरुपयोगी कागद’ रद्दीत गेले, हे आधी विचारा. समोर आलेले कागद म्हणजे तो काळ, असं धरून चालू नका.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग विचित्र विषय सोडून द्यायचे का? मीही आधी तसंच ठरवलं होतं. रागाच्या भरात सगळी अपवादात्मक प्रकरणं काढून टाकली आणि नुसते तक्ते भरायला बसले. पण लीडरच्या चाचण्यांबद्दल वाचताना एक क्रमांक दिसला: ३१६१८.

चाचण्या १९५० मध्ये ईस्टलीच्या परिसरात झाल्या. लीडर किती कोळसा खातं, किती पाणी पितं हे मोजायचं होतं. पण ‘जास्त खातं’ म्हणजे कशापेक्षा जास्त? तुलनेला काहीतरी हवं. म्हणून ‘यू’ वर्गाचं ३१६१८ हे इंजिन आणलं आणि त्याचीही चाचणी घेतली. १९२८ साली ब्रायटनलाच बांधलेलं, सहा मोठ्या चाकांचं, अगदी सर्वसाधारण इंजिन. निकाल लीडरच्या विरोधात गेला. ते कोळसा आणि पाणी दोन्ही बरंच जास्त वापरत होतं. पण माझ्या दृष्टीने खरी गंमत वेगळी आहे. या साध्या इंजिनाला १९५० साली मोजमापासाठी मुद्दाम बोलावलं गेलं ते केवळ शेजारी विचित्र इंजिन उभं होतं म्हणून. विचित्राच्या फायलीत साध्याची नोंद राहिली.

आणखी खोलात गेलं तर लीडर मुळात बनवायला घेतलं कशासाठी? ‘एम-७’ नावाच्या, १८९७ पासूनच्या छोट्या टँक इंजिनांची जागा घ्यायला. शाखा-मार्गावरच्या दोन-तीन डब्यांच्या गाड्या ओढणं, रिकामे डबे फलाटावर आणून लावणं, हे त्यांचं काम. म्हणजे बुलीड काही चमत्कार करून दाखवायला निघाला नव्हता. रोजच्या कामात काय अडतं, टर्नटेबलवर किती वेळ जातो, याचाच विचार त्याच्या आराखड्यात आहे. लीडरचा आराखडा उलटा वाचला तर १९४० च्या दशकातल्या साध्या इंजिनांच्या अडचणींची यादीच हाती येते.

इतिहासलेखनात यासाठी एक संज्ञा आहे. एदोआर्दो ग्रेंदी या इटालियन इतिहासकाराने १९७७ साली ‘अपवादात्मक सामान्य’ असा शब्दप्रयोग केला. सूक्ष्म-इतिहासवाले तो वारंवार वापरतात. अपवाद वाटणाऱ्या एखाद्या प्रकरणात सामान्य लोकांचं आयुष्य असं उघडं पडतं की जे एरवी कागदावर आलंच नसतं. कार्लो गिन्झबर्गने इन्क्विझिशनच्या खटल्यातून एका गिरणीवाल्याचं डोकं वाचलं ते असंच. दुसऱ्या बाजूला डेव्हिड एजर्टन आहे. त्याच्या २००६ च्या पुस्तकाचं म्हणणं साधारण असं की तंत्रज्ञानाचा इतिहास आपण शोधांचा लिहितो, वापराचा लिहीत नाही. मुलाखतीत या दोघांची नावं घेतलीत तर चांगलं दिसेल, पण नुसती नावं घेऊ नका. तुमच्या विषयातला लीडर कोणता आणि ३१६१८ कोणतं, एवढं सांगता आलं पाहिजे. मला ते सांगता येत नव्हतं.

आता आपल्या घाटाकडे येते, कारण माझी सर्वात मोठी फजिती तिथेच झाली.

मॉडेल रेल्वेच्या दुनियेत स्विस ‘क्रोकोडाइल’ इंजिनाला फार मान आहे. मध्ये केबिन, पुढे-मागे लांब नाकाडी, वळणावर मगरीसारखं वाकणारं. मेर्कलिन या जर्मन कंपनीने दुसऱ्या महायुद्धाच्या आधीही त्याची मॉडेलं काढली आणि नंतरही. आजही संग्राहकाच्या कपाटात ते हमखास असतं. त्याच कुळातलं इंजिन आपल्याकडे होतं: ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं ईएफ-१, नंतरचं नाव डब्ल्यूसीजी-१. एकूण ४१. पहिली काही स्वित्झर्लंडच्या विंटरटूरमध्ये बांधलेली, बाकीची इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीत. त्याच कारखान्यात पुढे जीटी-३ बांधलं गेलं. बोरघाटाचा चढ ३७ ला १ असा आहे. तिथे विजेवर माल चढवायला ही इंजिनं आणली. एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे, एक वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात.

मी ती ‘विचित्र’ या सदरात टाकली होती. मगरीसारखं इंजिन, दुसरं काय! याच मुलाखतींसाठी कल्याणला एका निवृत्त ड्रायव्हर काकांकडे गेले. फोटो पुढे केला, म्हटलं, काका, या मगरीबद्दल सांगा. त्यांनी चष्मा वर केला.

“मगर? हा तर खेकडा.”

रेल्वेतले लोक त्याला खेकडा म्हणत. काका नोकरीला लागले तेव्हा नवी इंजिनं येत होती आणि खेकडे हळूहळू यार्डातल्या शंटिंगला लागत होते. त्यांना त्यात नवल काहीच नव्हतं. इतकी वर्षं ते डोळ्यांसमोर होतं, शेजारच्या म्हशीसारखं. उलट मला त्याचं एवढं काय पडलंय याचंच त्यांना नवल. गोथार्डच्या घाटातही हेच असणार. स्विस रेल्वेने दोन प्रकार मिळून ५१ क्रोकोडाइल बांधली. तिथल्या मालगाडीच्या कर्मचाऱ्याला ती अनोखी कशी वाटतील? लीडर मोजून एक होतं म्हणून विचित्र. खेकडा विचित्र ठरला तो लांबून बघणाऱ्याला, त्यातही फक्त आकारामुळे. हे दोन वेगळे प्रकार मी एकाच रकान्यात कोंबले होते आणि त्यावर एक अख्खं प्रकरण बेतलं होतं.

आता त्या प्रकरणाचं नावच बदललंय. खेकडा त्यात आहे, पण ‘रोजचं इंजिन’ म्हणून. घाटात मागून ढकलायला लावायची बँकर इंजिनं, ती लावण्या-काढण्यातला वेळ, कुठल्या पाळीत किती माणसं, यावर आता भर आहे. मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर अजून पूर्ण मिळालेलं नाही. ते कंटाळवाण्या कागदांत आहे, आणि ते कागद मला आधी दिसतच नव्हते.

प्रदर्शनातल्या त्या आजोबांच्या मांडणीचा एक फोटो मी माझ्या टेबलासमोर लावलाय. परवा तो मोठा करून पाहिला तर लीडरच्या मागे, शेडच्या सावलीत, आणखी एक इंजिन दिसलं. काळं, मळवलेलं, पटकन लक्षात न येणारं. नंबर नीट वाचता येत नाही, पण यू वर्गाचं आहे. त्यांना माहीत होतं तर! ते खरं इंजिन बॅरीहून सुटून ससेक्सच्या ब्लूबेल रेल्वेकडे पोचलंय आणि अजून आहे. लीडरचा मात्र सांगाडाही उरला नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा कल्याणला जातेय. काकांनी माळ्यावरून ड्युटीच्या जुन्या डायऱ्या काढून ठेवल्यात. “खेकड्याचं त्यात फार काही सापडायचं नाही बरं का,” असं त्यांनी फोनवर आधीच बजावलंय.